नियमात नाही, मग काय?

२०२४ च्या जानेवारीत बेलाल सायक्लोन आपल्या बेटावर आला, त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या घरी माणसे अडकून पडली होती. आम्ही आमच्या बहिणीच्या घरी होतो. वीज गेली होती, बाहेर वारा घोंगावत होता आणि जेवणाच्या टेबलाभोवती पाच मुले बसली होती. डॉमिनो नव्हता, कॅरमही नव्हता. टेबलावर कागद, पेन्सिली, एक जाड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा एवढेच होते. फासा दिसताच घरच्या आजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फासे म्हणजे द्यूत. धर्मराजाचे काय झाले, ठाऊक आहे ना?" असे त्या म्हणाल्या. यात पैशाचा काही संबंध नाही अशी खात्री पटल्यावरच त्यांनी मेणबत्ती टेबलावर ठेवू दिली.

मुलांच्या खेळातली गोष्ट एका जुन्या बंदरातली होती. चाचे गोदामात घुसले होते आणि मुले त्यांना अडवत होती. सर्वांत धाकटा, नऊ वर्षांचा, फार बोलत नाही. तो एकदम क्रिओलमध्ये म्हणाला, "वर मासेमारीचे जाळे टांगले आहे ना? मी दोर कापतो. जाळे त्यांच्या अंगावर पडेल."

सगळी मुले खूश झाली. खेळ चालवणारी त्याची सोळा वर्षांची ताई मात्र पुस्तक चाळू लागली. जाळ्याबद्दल पुस्तकात एक अक्षर नव्हते. तिने विचार करून सांगितले, "आधी खांबावर चढायला फासा टाक. दहा किंवा जास्त पडले पाहिजेत." चौदा पडले. "आता दोर कापायला टाक." अकरा पडले. "आता जाळे नेमके त्यांच्यावर पडते का, त्यासाठी टाक." सात पडले. चाचे बाजूला सरकले, जाळे जमिनीवर पडले आणि त्याची पाळी संपली. मोठा भाऊ म्हणाला, "सरळ तलवार मारायची होतीस!"

त्यानंतर रात्रीपर्यंत तो मुलगा प्रत्येक पाळीला एकच वाक्य बोलत राहिला : "मी तलवार मारतो." कोणी त्याला रागावले नव्हते. ताईनेही काही वाईट हेतूने केले नव्हते. पण नवे काही सुचले तर ते मनातच ठेवावे, हा धडा त्याने घेतला, असे आम्हाला स्पष्ट दिसले. दुसऱ्या दिवशी आम्ही ते जाड पुस्तक मागून घेतले, पुढे आणखी काही मिळवली आणि वाचत बसलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

खेळ कसा चालतो

या खेळाला पट लागत नाही, सोंगट्याही लागत नाहीत. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो : कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एकजण गोष्ट चालवतो. इंग्रजीत त्याला निरनिराळी नावे आहेत. आम्ही मुलांना आपला नाटकातला 'सूत्रधार' हा शब्द दिला आणि तो त्यांना आवडला. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो आणि जिथे निकालाची खात्री नाही तिथे फासा पडतो. या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या छपाईत तीन पुस्तिकांच्या अवघ्या एक हजार पेट्या होत्या.

बुद्धिबळात हत्ती तिरका चालत नाही. तो का चालत नाही असे कोणी विचारत नाही. इथे मात्र खेळाडू काहीही करू पाहू शकतो, आणि खेळाची सारी गंमत त्या 'काहीही' मध्ये आहे. पण पुस्तक कितीही जाड केले तरी ते 'काहीही' त्यात मावत नाही. म्हणून जे लिहिलेले नाही त्याचा निकाल कसा लावावा, हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी आहे. खरे तर तो जन्माच्या आधीपासून आहे.

सेनापतींच्या टेबलावर

प्रशियामध्ये राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी युद्धाचा एक खेळ तयार केला. वडिलांनी तो १८१२ मध्ये राजाला दाखवला. मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये सुधारलेले नियम छापले. नकाशावर दोन पक्ष, दोघांमध्ये एक पंच. खेळणाऱ्या अधिकाऱ्याने सैन्याला द्यायचा हुकूम पंचाला कळवायचा आणि पंचाने फासे व तक्ते पाहून निकाल द्यायचा. अधिकाऱ्यांना शिकवण्याचे ते उत्तम साधन ठरले. पण तक्ते वाढत गेले, हिशेब वाढत गेले आणि खेळ रेंगाळू लागला. १८७६ मध्ये व्हेर्दी दु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने उलट बाजू मांडली : तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला आपल्या समजुतीने निकाल देऊ द्या.

म्हणजे दोन टोके तेव्हाच तयार झाली. एकीकडे सर्व काही लिहून ठेवणारे, दुसरीकडे सर्व काही पंचावर सोडणारे.

अमेरिकेत चार्ल्स टॉटन या सैनिकी अधिकाऱ्याने १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगॉस' हे पुस्तक लिहिले. पुस्तकात नसलेली चाल खेळाडूने केली तर पंचाने तिचा निकाल लावावा, अशी मोकळीक त्यात होती. सुमारे नव्वद वर्षांनी मिनेसोटा राज्यातल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती ते पुस्तक पडले. १९६९ मध्ये त्याने मित्रांसाठी ब्राउनस्टाइन नावाच्या एका काल्पनिक प्रशियन गावाचा खेळ मांडला. लढाईपूर्वीचा प्रसंग म्हणून त्याने कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला बँकवाला, कोणाला विद्यापीठाचा प्रमुख. लढाईपर्यंत खेळ पोहोचलाच नाही. सगळे आपापली कारस्थाने करू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. द्वंद्वाचा नियम वेस्लीजवळ नव्हता. त्याने तिथल्या तिथे फासे टाकून निकाल लावला. आपला बेत पार फसला अशी त्याची समजूत झाली, पण मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या मंडळींतच आर्नेसन होता, ज्याने पुढे गायगॅक्सबरोबर १९७४ चा खेळ लिहिला.

तेव्हा आमच्या भाचीला त्या दिवशी जे संकट पडले, त्याच प्रकारच्या संकटातून हा खेळ जन्माला आला आहे. पुस्तकात नाही असे कोणी काही केले आणि खेळ चालवणारा 'नाही' म्हणाला नाही, म्हणून पुढचे सर्व घडले.

जाळे का पडले नाही

आता हिशेब पाहू. वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा जास्त पडण्याच्या अकरा बाजू आहेत, म्हणजे शंभरात पंचावन्न वेळा यश. तलवार मारणाऱ्याला एकदाच फासा टाकावा लागतो, म्हणजे त्याची आशा शंभरात पंचावन्न. जाळे पाडणाऱ्याला ताईने तीनदा फासा टाकायला लावला आणि तिन्ही वेळा यश हवे असे म्हटले. पंचावन्न शतांशाला पंचावन्न शतांशाने दोनदा गुणले की उरतात शंभरात सुमारे साडेसोळा. म्हणजे साधारण सहांत एकदा.

तीन वेळा 'दहा' म्हणताना ताईला आपण उदार आहोत असेच वाटत होते. प्रत्येक टाक सोपी होती, तिघांची बेरीज मात्र अवघड झाली. शिवाय जाळे पडले असते तर काय झाले असते, असे आम्ही तिला मागाहून विचारले. ती म्हणाली, चाच्यांची एक पाळी गेली असती. म्हणजे किंमत तिप्पट आणि मिळकत तलवारीहून कमी. अशा दुकानातून शहाणा माणूस काही घेणार नाही. मुलगा तलवारीकडे वळला तो आळसाने नव्हे, हिशेबाने. अशा खेळात मुले नेहमी तेच तेच करतात अशी कोणी तक्रार केली, तर आधी भाव तपासावेत असे आमचे मत आहे.

पुस्तके काय सांगतात

१९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे याने नवशिक्यांसाठी या खेळाची पुस्तिका संपादित केली. तिच्यात एक साधा तोडगा आहे. पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी वगैरे गुण आकड्यांत असतातच. नियमात नसलेले काही करायचे असेल तर त्यासंबंधीचा गुण पाहा आणि वीस बाजूंच्या फाशावर त्या आकड्याइतके किंवा कमी पडले तर यश माना. तिथेच कड्यावरून खाली नदीत उडी टाकू पाहणाऱ्या पात्राचे उदाहरण आहे. सूत्रधार त्याला अडवत नाही. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा मरण आहे असे स्पष्ट सांगतो आणि विचारतो, अजून उडी मारायची आहे का?

आम्हाला हे उदाहरण फार मोलाचे वाटले. अठ्ठ्याण्णव हा आकडा कठोर आहे, पण तो फासा पडण्याआधी सांगितला आहे. खेळाडूला मागे फिरता येते. उडी मारून झाल्यावर 'तू मेलास' असे सांगितले असते तर ती फसवणूक झाली असती.

२००८ मध्ये याच खेळाची चौथी आवृत्ती निघाली. तिच्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकातले बेचाळीसावे पान खेळणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तिथले उदाहरण असे : झुंबराला लोंबकळून यायचे, राक्षसाच्या छातीत लाथ मारायची आणि त्याला पेटत्या निखाऱ्यांत ढकलायचे. हे कोणत्या नियमात बसणार? त्या पानावर एक तक्ता दिला आहे. पात्र किती अनुभवी आहे ते पाहून सोपे, मध्यम आणि अवघड असे आकडे घ्यायचे. इजा किती होईल तेही तक्त्यात आहे, आणि त्यात एक खुबी आहे. जी युक्ती पुन्हा पुन्हा करता येईल तिची इजा कमी, आणि जी एकदाच साधेल तिची जास्त. निखारे दर पाळीला मिळत नाहीत. जाळेही एकच असते. एकदा पडले की संपले. तेव्हा त्याचे फळ तलवारीच्या एका घावाहून मोठे असले तर कोणाचे काही बिघडत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने आकडे आणखी सुटसुटीत केले. फार सोप्या कामाला पाच, सोप्याला दहा, मध्यमाला पंधरा, अवघडाला वीस, फार अवघडाला पंचवीस आणि जवळजवळ अशक्याला तीस. पात्राचे गुण फाशात मिळवायचे. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. पंचावन्नाची आशा अशा वेळी शंभरात ऐंशीपर्यंत जाते. चांगल्या कल्पनेला दाद देण्याचा हा सोपा मार्ग आहे, कारण त्यात पुस्तक उघडावे लागत नाही.

अपयशाचे काय करावे यासाठी दुसऱ्या एका खेळाकडे पाहिले पाहिजे. व्हिन्सेंट बेकर याच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' मध्ये नेहमीचे दोन फासे टाकतात. बेरीज दहा किंवा जास्त आली तर पूर्ण यश, सात ते नऊ आली तर काही किंमत देऊन यश, आणि सहा किंवा कमी आली तर सूत्रधार संकट पुढे आणतो. नुसते फासे धरले तर छत्तीस शक्यतांत पूर्ण यशाच्या सहा, मधल्या पंधरा आणि संकटाच्याही पंधरा. 'काही झाले नाही' असा निकाल मात्र नाही. जाळे जमिनीवर पडले आणि सगळे जिथल्या तिथे, असे त्या खेळात होत नाही.

बोलका आणि अबोल

कोणी म्हणेल, एवढे आकडे कशाला? सूत्रधार समजूतदार असला म्हणजे झाले. व्हेर्दीचे म्हणणे तेच होते. पण घरच्या टेबलावर आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. मोठा भाऊ फ्रेंच आणि इंग्रजी फाडफाड बोलतो. त्याने सांगितलेली युक्ती ताईला लगेच शक्य वाटते. धाकटा अडखळत, क्रिओलमध्ये, अर्धे वाक्य बोलतो. त्याची युक्ती तितकीच चांगली असली तरी तिच्याविषयी शंका निघतात. निकाल केवळ समजुतीवर ठेवला की समजूत वक्त्याच्या बाजूला झुकते. आकडा मात्र दोघांना सारखा असतो. अबोल मुलाला नियम हा आधार आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सगळेच पुस्तकावर सोडले की ज्याने पुस्तक पाठ केले त्याचे राज्य होते, आणि धाकट्याला ते जाड इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही.

आपल्या लोकांना ही अडचण अगदी परकी नाही. गणपतीत आपल्याकडे झाकरी होते. कोकणात तिच्या नात्यातली जाखडी आहे. तिथल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एका पक्षाने गाण्यातून सवाल टाकला की दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब ऐन वेळी जुळवावा लागतो, पण ठेका सोडता येत नाही आणि सवालाला बगल देता येत नाही. नवे शब्द जुन्या ठेक्यावर बसले की ऐकणाऱ्यांना निवाडा करता येतो. फाशाच्या खेळातही हेच साधायचे आहे. युक्ती खेळाडूची, ठेका सर्वांचा.

कॅलेंडरच्या पाठीवर

भाचीशी आम्ही या सर्व गोष्टी बोललो. तिला वाईट वाटले, मग तिने जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर आपल्या टेबलाचे नियम लिहिले. ते साधारण असे आहेत.

पहिला : कोणी नवे काही सुचवले तर आधी दोन प्रश्न विचारायचे, तुला काय घडायला हवे आहे आणि तू ते कसे करणार? पुष्कळदा भांडण इथेच मिटते, कारण सूत्रधाराच्या डोळ्यांपुढचे गोदाम वेगळे असते आणि खेळाडूच्या डोळ्यांपुढचे वेगळे.

दुसरा : जे सहज होण्यासारखे आहे त्याला फासा नको, आणि जे होणेच शक्य नाही त्यालाही नको. नाही म्हणायचे तर कारण सांगायचे.

तिसरा : एका युक्तीला एकच फासा. चढणे, कापणे, पाडणे हे सर्व त्या एकात आले.

चौथा : आकडा, यशाचे फळ आणि अपयशाची किंमत फासा टाकण्यापूर्वी मोठ्याने सांगायची. ऐकून विचार बदलला तर चालेल.

पाचवा : युक्तीचे फळ निदान तलवारीइतके असावे. एकदाच होण्यासारखी असेल तर जास्त.

सहावा : फासा फसला तरी काहीतरी बदलले पाहिजे.

सातवा : दिलेला निकाल वहीत लिहायचा. पुढच्या वेळी तसाच प्रसंग आला तर तोच निकाल, मग तो कोणाचाही असो.

सातवा नियम आजींनी सुचवला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्या म्हणाल्या, "एका नातवाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असे घरात चालत नाही. लिहून ठेवा."

पुढच्या एका रविवारी पुन्हा खेळ मांडला. गातो-पिमाँची बशी मधोमध होती. धाकटा पहिले दोन तास तलवारच मारत होता. एक दिवसाची शिकवण एका दिवसात जात नाही. ताईने त्याला काही सुचवले नाही. शेवटी मुले एका जिन्यावरून पळू लागली, मागे चाचे होते, तेव्हा तो हळूच म्हणाला, "माझ्या हातात कंदील आहे ना? त्यातले तेल पायऱ्यांवर ओतले तर?"

"तुला काय व्हायला हवे आहे?"

"ते घसरावेत. आम्ही सगळे पळावे."

"दहा हवेत. पडले तर ते घसरतात आणि तुम्ही सगळे सुटता. नाही पडले तर तेल सांडून कंदील विझतो आणि तुम्ही अंधारात अडकता. टाकतोस?"

त्याने भावाकडे पाहिले, आपल्या कागदाकडे पाहिले आणि फासा टाकला. आठ पडले.

टेबलावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग ताई म्हणाली, "कंदील विझला. मिट्ट काळोख. तुम्हाला ते दिसत नाहीत." ती थांबली आणि पुढे म्हणाली, "त्यांनाही तुम्ही दिसत नाही."

आम्ही मुलाकडे पाहत होतो. तो हरला होता, पण या वेळी गप्प झाला नाही. खुर्चीवर गुडघे टेकून पुढे वाकला आणि म्हणाला, "मग मी चाच्याच्या आवाजात ओरडतो, ते इकडे गेले म्हणून." ताईने वही ओढली आणि विचारले, "तुला काय व्हायला हवे आहे?"

वाचकांच्या घरीही असा फासा आला असेल, नसेल तर येईल. मुले काय खेळतात म्हणून दुरून कपाळाला आठ्या घालण्यापेक्षा एक संध्याकाळ शेजारी बसावे. कोणते मूल शेवटचे नवे काही कधी बोलले, एवढेच लक्षात ठेवावे. बराच वेळ झाला असेल तर मुलाला काही सांगू नये. टेबलाचे नियम मागून पाहावेत.